भुऱ्याच्या चित्रावर हक्क कुणाचा?

प्रश्न : आमचा कुत्रा भुऱ्या यंदा गेला. १३ वर्षांचा होता, रस्त्यावरून घरी आलेला. आठवण म्हणून पुण्यातल्या एका चित्रकार बाईंकडून त्याचं जलरंगातलं चित्र करून घेतलं. सगळं बोलणं व्हॉट्सअॅपवर झालं. ८,००० रुपये ठरले, निम्मे आगाऊ दिले. नसबंदीच्या वेळी त्याच्या कानाला खाच पाडली होती, ती तशीच दाखवा असं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं. चित्र आलं तर दोन्ही कान अख्खे! विचारलं तर म्हणाल्या, "पेन्सिलचं स्केच पाठवलं तेव्हा तुम्ही छान म्हणालात." त्यात भाचीने एका प्रदर्शनात त्यांच्या स्टॉलवर भुऱ्याचं हेच चित्र छापलेले कॉफी मग आणि कॅलेंडरं विकायला ठेवलेली पाहिली. त्यावर उत्तर मिळालं, "कॉपीराइट कलाकाराचाच असतो, पार्सलमधल्या कार्डावर लिहिलंय." मी काय करू शकते? कान दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी कॉफी मग आणि कॅलेंडरांचं बोलू, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

चित्रकार बाईंनी सांगितलेला नियम खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ म्हणतं की कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. मात्र त्याच कलमात पुढे अपवाद दिले आहेत. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र केलं असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर ज्याने ते करवून घेतलं तोच कॉपीराइटचा पहिला मालक. तुम्ही सांगितलंत, पैसे मोजलेत, चित्र तुमच्यासाठी झालं. म्हणजे कागद तर तुमचा आहेच, त्यावरच्या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्कही तुमचा आहे. त्यासाठी नोंदणी लागत नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

हा अपवाद कित्येक चांगल्या चित्रकारांनाही माहीत नसतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने हे उलटं केलं. तिथे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइटही चित्रकाराकडेच राहतो. परदेशी चित्रकारांच्या अटी इंटरनेटवरून उचलून इथल्या कार्डांवर छापल्या जातात आणि मग असे गैरसमज होतात. बाईंनी मुद्दाम फसवलं असं मी लगेच म्हणणार नाही.

आता 'उलट काही ठरलेलं नसेल तर' या शब्दांकडे या, कारण वाद तिथेच होईल. उलट करार लेखीच हवा असं हे कलम म्हणत नाही. त्यामुळे आगाऊ रक्कम पाठवण्याआधीचं सगळं संभाषण पुन्हा नीट वाचा. अटींचा फोटो आला होता का? तुम्ही त्यावर 'ठीक आहे' लिहिलं का? तसं असेल तर माझं वरचं मत बदलेल. नसेल, तर चित्र पूर्ण होऊन घरी आल्यावर पार्सलमधून निघालेलं कार्ड हा करार होत नाही. व्यवहार पुरा झाल्यावर एकीने परस्पर घातलेली अट दुसरीवर बांधील नसते.

"आमच्या भुऱ्याचा चेहरा त्या कशा विकू शकतात?" असंही तुम्ही पत्रात विचारलंय. तुमचा संताप मला कळतो, पण बाईंना पाठवायच्या नोटिशीत या मुद्द्यावर भर देऊ नका. पाळीव प्राण्याच्या चेहऱ्यावर मालकाचा असा वेगळा हक्क कायद्यात लिहिलेला नाही. भुऱ्याला रस्त्यात पाहून कुणी स्वतःच चित्र काढलं असतं तर तुम्हाला ते थांबवता आलं नसतं. तुमचा हक्क या एका चित्रावर आहे. शिवाय ते ज्या फोटोवरून काढलं तो तुमच्या मुलीने मोबाइलवर टिपलेला, म्हणजे फोटोचा कॉपीराइट तिचा. तिने फोटो एका चित्रासाठी दिला होता, मगांसाठी नाही. तिच्याकडून दोन ओळींचं संमतिपत्र घ्या आणि नोटिशीत तिचाही उल्लेख करा.

कानाच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. 'खाच दाखवा' हा तुमचा पहिला मेसेज कराराचा भाग आहे आणि ठरल्याप्रमाणे काम न होणं ही सेवेतली त्रुटी आहे. पण स्केचला तुम्ही 'छान' म्हणालात, हे त्या नक्की पुढे करतील. तुम्ही पाठवलेल्या स्केचच्या फोटोत कानाची नुसती बाह्यरेषा आहे, टोक फिकट आहे. खाच तिथे नाही हे सहज दिसण्याजोगं नव्हतं, असं म्हणायला जागा आहे. तरीही ग्राहक आयोगापुढे हा मुद्दा दोन्हीकडे झुकू शकतो. म्हणून कानासाठी आधी तडजोड करून पाहा. त्यांनी नव्या कागदावर पुन्हा काढून द्यावं किंवा काही रक्कम परत करावी.

दुसऱ्याकडून कान दुरुस्त करून घेऊ नका. एक तर जलरंगात वाळलेला रंग उचलून पांढरा कागद परत मिळवणं अवघड असतं, डाग राहतो. दुसरं, कॉपीराइट तुमचा असला तरी कलम ५७ खाली चित्रकाराचे काही खास हक्क त्याच्याकडेच राहतात. कृतीला आपलं नाव असावं हा एक हक्क. आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड होऊ नये हा दुसरा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. शिल्प सरकारने करवून घेतलेलं होतं, तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प कलाकाराला परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. घरातल्या भिंतीवरच्या कानाचं प्रकरण तिथवर जाईल असं नाही, पण बाईंच्या सहीखाली दुसऱ्याचा हात फिरला तर आज भक्कम असलेली तुमची बाजू विनाकारण कमकुवत होईल. याच कारणाने पुढे नातेवाइकांसाठी या चित्राची कार्डं छापलीत, तर त्यांची सही कापू नका.

आता पुरावे. स्टॉलवरचा किंवा ऑनलाइन मिळणारा एक मग भाचीला विकत घ्यायला सांगा. बिल किंवा यूपीआयची नोंद जपून ठेवा. व्हॉट्सअॅप चॅट पूर्ण एक्सपोर्ट करा, 'आपोआप पुसले जाणारे मेसेज' ही सोय बंद करा आणि तो फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकील तयार करून देतील.

मग नोटीस. विक्री थांबवा, उरलेला माल बाजारातून काढा, किती विकलं त्याचा हिशेब द्या, आणि कानाबद्दल वरच्यापैकी एक पर्याय निवडा, एवढंच मागा. १५ दिवसांची मुदत पुरे. कॉपीराइटभंगाला तुरुंगाची शिक्षा आहे हे खरं, पण पोलिसांची भीती घालू नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा लावण्याची सोयही याच कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. आणि एकट्याने घर चालवणाऱ्या कलाकाराला अशा वाक्याने काय वाटतं, तेही मी पाहिलंय. आपल्या कामाचा नमुना म्हणून, भुऱ्याच्या नावासह, हे चित्र त्यांना दाखवू द्यायला तुमची हरकत नसेल तर तेही नोटिशीत लिहा. अशा सवलतीने बरेच वाद मिटतात.

नाही ऐकलं तर दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. कानाची तक्रार ग्राहक आयोगात जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. पुण्याच्या खेपा नकोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. मानसिक त्रासाची भरपाईही मागता येते, पण ती माफक धरा. कॉपीराइटचा दावा मात्र जिल्हा न्यायालयात, आणि तोही कलम ६२ मुळे सांगलीतच लावता येतो. तिथे विक्री थांबवण्यासाठी तात्पुरता मनाई हुकूम मागता येईल. खर्च होतो, म्हणून विक्री खरंच चालू असेल तरच ती वाट धरा.

बाई नवं चित्र करून द्यायला तयार झाल्या तर खाचेचा जवळून काढलेला फोटो पाठवा, 'ही खाच चित्रात हवी' असं लिहा आणि त्यांचा होकार लेखी घ्या. नवं चित्र हातात पडेपर्यंत आत्ताचं परत पाठवू नका.