आरोपी सापडला नाही तरी सरकारी मदत मिळते का? (भावावर कोयत्याने वार, गाव राजापूर तालुक्यात)

हो, मिळू शकते. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले स्वतः अर्ज करू शकतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम 357-अ मध्ये होती, जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे.

अर्ज पोलीस ठाण्यात नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा). तुमचं रत्नागिरीला. तेवढी फेरी जमत नसेल तर राजापूर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत आधी विचारा. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असं कायदा म्हणतो. पण रोजच्या ड्रेसिंगचा खर्च आत्ताच अंगावर असेल तर अंतरिम मदत (निर्णय होण्याआधीची तातडीची मदत) वेगळी मागा, अर्जात तसं स्पष्ट लिहा. लोक नेमकं तेच विसरतात.

एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं जपा. आमच्या शेजारच्या काकांची बिलं पावसात पिशवीत भिजली, मेडिकलवाल्याकडून परत काढून आणेपर्यंत नाकी नऊ आले! प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा.

एजंटला दमडी देऊ नका, 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर सल्ला फुकट मिळतो. बलात्कार, पोक्सो (लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार) किंवा ॲसिडहल्ला असेल तर राज्य सरकारची ‘मनोधैर्य’ योजना वेगळी आहे.