पावसाळ्यानंतर नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर कृष्णधवल रोल घेऊन जातोय. ढग उठून दिसायला लाल फिल्टर लावू की पिवळा?

पिवळा लावा, आणि हाताशी असेल तर नारिंगी त्याहून बरा. लाल मात्र घरीच ठेवा. फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो नि विरुद्ध रंगाचा अडवतो, म्हणून निळं आकाश तिघांमुळेही गडद होतं आणि पांढरे ढग वर येतात. पण लाल फिल्टर हिरवाही खातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात अंजनेरीचे उतार हिरवेगार असतात. गंगापूर धरणाच्या काठावर मी एकाच रोलवर तिन्ही लावून पाहिले, तर लालमध्ये आकाश झकास आलं आणि झाडी डांबर ओतल्यासारखी! शिवाय प्रकाशाची किंमत मोजावी लागते ती वेगळीच: पिवळ्याला साधारण १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), नारिंगीला २, गडद लालला ३. म्हणजे १/२५० सेकंदाचा शटर लालला थेट १/३० वर येतो, आणि गडावरच्या वाऱ्यात हातात कॅमेरा धरून ते जमत नाही. एक मात्र, आभाळ सरसकट भरलेलं असेल तर कुठलाच फिल्टर ते गडद करणार नाही. अडवायला निळा रंगच नसतो.