कुकरशिवाय बटाटे कसे उकडायचे?

प्रश्न : ताई, मी शिरपूर तालुक्यातली. कुकरची रिंग गेलीये म्हणून सध्या पातेल्यातच बटाटे उकडते. पाणी चांगलं खळखळलं की टाकते, तरी वरून साल फुटून पीठ होतं अन मधे कच्चाच. पाणी बोअरचं आहे. काय चुकतंय?

उत्तर : ताई, बटाटे गार पाण्यातच टाकायचे, चूक फक्त तिथेच होतेय. बटाट्यातला स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशाला फुगायला लागतो, उकळत्या पाण्यात टाकला की बाहेरचा थर लगेच तिथे पोचतो आणि मधला गर गारच असतो, मग मधलं शिजेपर्यंत बाहेरचं गळून जातं. गार पाण्यापासून सुरू केलं की आतबाहेर बरोबरीने तापतं.

एका आकाराचे बटाटे घ्या, सालीसकट, पाणी वर दोन बोटं राहील एवढं, मीठ घाला आणि उकळी आली की गॅस बारीक करा. हे बारीक करणं बरेच जण विसरतात, खदखदत ठेवलं तर बटाटे एकमेकांवर आपटून फुटतात आणि शिजत काही लवकर नाहीत, कारण पाणी १०० अंशाच्या वर जातच नाही. मध्यम बटाट्याला उकळीनंतर २० ते २५ मिनिटं. सुरीचं टोक मधोमध अलगद गेलं की झालं, पण सारखं टोचत बसू नका, पाणी आत शिरतं.

आता बोअरचं पाणी. आपल्या खान्देशात बऱ्याच गावांत ते जड असतं, त्यात डाळ शिजत नाही हे तुम्हाला माहितीच असेल, बटाट्याचंही तसंच, पाण्यातलं कॅल्शियम बटाट्यातल्या पेक्टिनला (गर बांधून ठेवणाऱ्या घटकाला) घट्ट धरतं म्हणून मऊ व्हायला वेळ लागतो. जारचं पाणी असेल तर ते घ्या, नाहीतर पाच-सात मिनिटं जास्त द्या. सोडा मात्र घालू नका, चव बिघडते अन बाहेरून लगदा होतो. आंबटाचंही लक्षात ठेवा, रस्स्यात कच्च्या फोडी टाकायच्या असतील तर चिंच-टोमॅटो नंतर, आधी घातलं तर फोडी कितीही उकळा कडकच राहतात.

शिजले की लगेच पाणी ओता, बटाटे त्याच पातेल्यात मिनिटभर बारीक गॅसवर ठेवून वाफ जाऊ द्या, वड्याचं सारण मग ओलं होत नाही. साल गरम असतानाच काढायची आणि मिक्सर नकोच, स्टार्च चिकट होऊन डिंकासारखा लागतो, हाताने नाहीतर किसणीवर.

प्रश्न : उन्हाळ्यात वाळवणाच्या चिप्स करते तर वाफवताना तुटतात, काय करू?

उत्तर : इथे सगळं उलटं. काप आधी गार पाण्यात दोन-तीनदा धुवून वरचा स्टार्च काढा, मग उकळत्याच पाण्यात टाका, मीठ घालून, आणि तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवायचा, जास्त नको, तुरट लागतं. तुरटीने कापाच्या कडा घट्ट राहतात. थोडे थोडे टाका, काप जरा पारदर्शक दिसला आणि वाकवल्यावर तुटला नाही की काढा, पूर्ण शिजू देऊ नका. चाळणीत निथळून सुती कापडावर एकेक सुटा पसरा, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात वाळायला काही वेळ लागत नाही. आणि हिरवट पडलेला बटाटा ना उकडायला घ्या ना चिप्सला, त्यातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य उकळून जात नाही.