ठाण्याचा सूर्य की न्यू जर्सीचा?

‘ताई, राग आला तर सूर्य मावळायच्या आत मिटवावा, असं वचन आहे. पण सूर्य कुठला धरायचा? ठाण्यात दिवेलागण होते तेव्हा मी इथे गाडी काढून ऑफिसला निघालेला असतो.’

परदेशातले मराठी ख्रिस्ती वाचक बायबलची वचनं घेऊन या सदराला प्रश्न विचारतात. न्यू जर्सीच्या दादांचा हा प्रश्न अर्धा थट्टेचा आहे, पण त्याच्या वरचा मजकूर अजिबात थट्टेचा नाही. आई वर्तकनगरच्या जुन्या इमारतीत एकटी राहते. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. धाकटी बहीण घोडबंदर रोडला राहते आणि आईचं सगळं तीच बघते. संमतीपत्रावर सही करायची की थांबायचं, यावरून घरच्या ग्रुपवर वाजलं. दादांनी तिथे बायबलच्या निर्गम या पुस्तकातलं २०:१२ हे वचन टाकलं, ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’, आणि खाली एक अक्षरही लिहिलं नाही. बहीण ग्रुपमधून बाहेर पडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

आधी सूर्याचं बघू. इफिसकरांस पत्रातलं ते वचन (४:२६) मला मोशेच्या नियमशास्त्रातल्या दोन नियमांच्या शेजारी ठेवून वाचायला आवडतं. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर ते सूर्य मावळायच्या आत परत करायचं, नाहीतर रात्री तो पांघरणार काय? हे निर्गम २२ मध्ये आहे. आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी हातावर ठेवायची, हे अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात. दोन्हीकडे सूर्यास्त म्हणजे देणं चुकतं करायची वेळ, आणि घाई आहे ती ज्याची रात्र अडणार त्याच्यासाठी. देणाऱ्याला सोयीचं काय, याचा तिथे विचारच नाही.

तेव्हा दादा, सूर्य ठाण्याचा धरा. रात्र अडते ती तुमच्या आईची. दोन्ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत हे तिला कळलेलं आहे. आयांना ते न सांगता कळतं. तुम्ही सकाळी घरून निघायच्या आधी बहिणीला फोन केलात तर इथे संध्याकाळ असते, ती कामावरून परतलेली असते. बिल्डरचा विषय त्या फोनवर काढूच नका, तो एका संध्याकाळीत सुटणारा नाही आणि वचनही तसं मागत नाही. ‘ते वचन मी तुला फेकून मारलं, चुकलं माझं. कागदांचं शनिवारी निवांत बोलू,’ एवढं पुरे. आईला त्या रात्री झोप लागली म्हणजे देणं फिटलं.

आता त्या दुसऱ्या वचनाकडे येते. ‘मान राख’ ही आज्ञा एकवचनी आहे. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याला ती सांगितलेली आहे, शेजारच्याला ऐकवायला नाही. आणि मान म्हणजे येशूच्या हिशेबी काय, ते मार्क ७ मध्ये वाचा. आईबापांना जे द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलं आहे’ असं सांगून हात झटकणाऱ्यांना तो फैलावर घेतो. तिथे विषय पाया पडण्याचा नाही, पैशांचा आणि जबाबदारीचा आहे.

पुनर्विकासाची सभा तुम्ही पाहिली आहे का? ठाण्यात राहणाऱ्याला ती चुकत नाही. इमारतीखाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, माइक मधूनच शिट्टी मारतो, कोणी कार्पेट एरियावर अडून बसतं, कोणी कॉर्पसवर, म्हणजे बिल्डर देणार त्या रकमेवर, आणि मागच्या रांगेतल्या आजी विचारत राहतात, ‘पण तोपर्यंत आम्ही राहायचं कुठं?’ त्यांच्या मांडीवर झेरॉक्सची पिशवी असते. त्या पिशवीतला कुठला कागद कशाचा, हे तुमच्या बहिणीला पाठ आहे. आईच्या गोळ्यांचा डबा रविवारी भरणारीही तीच. ‘मान राख’ हे वचन तिला पाठवायची गरज होती का, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या वाट्याला त्या आज्ञेतलं काय येतं? घरावर तुमचंही नाव असेल आणि येणं जमत नसेल, तर बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र करून भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे विसरू नका. बऱ्याच घरांत तो लिफाफा कपाटात पडून राहतो. मुखत्यारपत्र याच घरापुरतं आणि याच कामापुरतं असावं, म्हणजे पुढे भांडायला जागा उरत नाही. आणि आईकडे दिवसभर थांबणाऱ्या बाईचा पगार तुम्ही उचला, बहिणीने मागायची वाट न बघता. हेही वचनाचं मननच आहे. मांडी घालून डोळे मिटून केलेल्यालाच मनन म्हणायचं, असं कुठे लिहिलेलं नाही.

मेलबर्नच्या एका ताईंचं पत्र वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ‘आणखी दोन वर्षं, मग ठाण्याला परत’ असं यजमान दर वर्षी म्हणतात. म्हणून खिडक्यांना अजून घरमालकाचेच पडदे, खोके तसेच बांधलेले. मुलाने क्रिकेटच्या क्लबला जायचं म्हटलं तर ‘कशाला, आपण जाणारच आहोत.’ यजमान रविवारी उपासनेवरून आले की मोबाइलवर कोलशेत, कासारवडवलीचे फ्लॅट बघत बसतात. आणि भिंतीवर सासूबाईंनी दिलेली फ्रेम आहे, यिर्मया २९:११, ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ ताई विचारतात, देवाचा संकल्प परत जाण्याचा आहे की राहण्याचा, ते ओळखायचं कसं?

ताई, फ्रेममध्ये एकच ओळ मावते, ही फ्रेमची अडचण आहे. ती ओळ एका पत्रातली आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेममधून माणसं धरून बाबेलला नेली होती. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्यांना हे पत्र धाडलं. म्हणजे गावाकडून परदेशातल्या आपल्या माणसांना आलेलं पत्र. परदेशातल्या वाचकांच्या या सदराला याहून जवळचा उतारा अख्ख्या शास्त्रात सापडणार नाही.

त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहतो. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो मोडून टाकतो आणि भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. दोन वर्षं! यजमानांना हे नक्की वाचून दाखवा. लोकांना हनन्याच आवडला असणार, आपल्यालाही आवडला असता. यिर्मया मात्र पत्रात सत्तर वर्षं लिहितो. आणि त्या सत्तर वर्षांत करायचं काय, तेही लिहितो: ‘घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळे खा.’ मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. हे सगळं ५ ते ७ या ओव्यांत येतं, आणि मग कुठे ११ वी येते. हिताच्या संकल्पाचं वचन मिळालं ते खोके बांधून दाराशी बसलेल्यांना नाही. बागेला पाणी घाला, असं ज्यांना सांगितलं त्यांना मिळालं.

त्या पत्रात परत जाणं नाकारलेलं नाही, हेही बघा. दहाव्या ओवीत परत आणण्याचा शब्द दिलेला आहे. फक्त त्या शब्दावर आजचा दिवस टांगून ठेवायचा नाही. उद्या तुम्ही ठाण्याला आलात तर आम्हाला आनंदच आहे, तलावपाळीला चक्कर मारायला मीच येईन. पण मुलाला क्रिकेट याच मोसमात खेळायचं आहे.

तेव्हा करायच्या गोष्टी सांगते. पडदे घ्या. खोके उघडा, वर्षानुवर्षं न लागलेलं सामान बहुतेक लागणारच नाही, ते चर्चच्या विक्रीला द्या. मुलाचं नाव क्लबात घाला आणि यजमानांना तिथे शनिवारी स्कोअर लिहायला बसवा, नगराचं हित बघणं असंच सुरू होतं. कढीपत्त्याचं रोप तिथल्याच नर्सरीतून घ्या, इथून नेऊ देत नाहीत. कुंडीतच लावा, मेलबर्नची थंडी त्याला सोसत नाही, हिवाळ्यात घरात घ्यावं लागेल. घरच्या प्रार्थनेत मेलबर्नचं नाव घ्या. आपली माणसं वर्षानुवर्षं ज्या गावात राहतात, त्याचं नाव प्रार्थनेत एकदाही घेत नाहीत, हे मी पाहत आले आहे. आणि घोडबंदरचा फ्लॅट निव्वळ मन शांत करायला बुक करू नका. तिथल्या उन्हाळ्यातल्या पाण्याची आणि गायमुखच्या ट्रॅफिकची चौकशी करा, मग हप्त्याचं बोला.

टोरांटोच्या नातवाला आजी ड्रायव्हिंगच्या परीक्षेआधी फिलिप्पै ४:१३ पाठवते, जो सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मी सर्व काही करू शकतो म्हणून. तो नापास झाला आणि आता विचारतो, वचन खोटं का? अरे बाळा, वरची ओळ वाच. पौल बंदिवासात बसून सांगतो की भरल्या पोटी आणि उपाशीपोटी, दोन्ही तऱ्हेने राहायला मी शिकलो. ‘सर्व काही’मध्ये नापास होणंही आलं. आजीला हे सांगू नकोस, पुढच्या तारखेचं सांग. आणि पॅरलल पार्किंगचा सराव कर.

ऑस्टिनच्या ताई कंटाळून लिहितात की महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी ना कोणी विचारतंच, ‘मग तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?’ शाळेत मुलीलाही तेच ऐकावं लागतं. राग येणं साहजिक आहे. पण १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला नेहमी तयार असा, असं म्हटलं आहे, आणि लगेच पुढे ते सौम्यतेने द्या, असंही. तयारीचा भाग मी पुरवते. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते उतरले होते ते इथल्याच एका ख्रिस्ती घरात. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी ठाण्यात ख्रिस्ती बिऱ्हाडं होती. १६१६ साली फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण हे काव्य छापलं गेलं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. मुलीला हे गोष्टीसारखं सांगा, वादात जिंकायला नको. सौम्यतेचा भाग तुमच्याकडे. मंडळात जात राहा, नाताळात त्याच बाईंना करंज्यांचा डबा घेऊन घरी बोलवा. आरतीच्या वेळी काय करायचं, हे प्रत्येक घर आपल्या विवेकाने ठरवतं, त्यावर मी इथून फतवा काढणार नाही.

शेवटचं पत्र दुबईच्या नर्सबाईंचं. रात्रपाळी असते, रविवारी उपासना चुकते. घरी आल्यावर बायबल उघडलं की दोन ओळींत डोळे मिटतात, आणि नवी मुंबईहून आई रोज विचारते, ‘आजचं वचन वाचलंस?’ आपण देवापासून लांब चाललो आहोत असं त्यांना वाटतं.

१ राजे १९ वाचा, पण सुट्टीच्या दिवशी. एलीया थकून रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करायला नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊच घालतो. देव बोलतो ते नंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर.

तेव्हा पाळी संपवून आलात की आधी पोटभर जेवा. फोन सायलेंटवर टाका आणि झोपा. वचन उठल्यावर चहाबरोबर वाचा, चार ओळी पुरेत. आईंना एकदा तुमचं पाळ्यांचं वेळापत्रक पाठवून द्या आणि सांगा, वचन तूच वाचून रेकॉर्ड करून पाठव, मी बसमध्ये ऐकेन. त्यांनाही काम मिळेल.