माणूस स्टुटगार्टला, कंपनी भोसरीत: पगार कुणी द्यायचा?

प्रश्न: भोसरीत आमची १४ जणांची कंपनी आहे, गाड्यांच्या पार्ट्सच्या टेस्टिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. दोन क्लायंट स्टुटगार्टला आहेत. तिथेच राहणारा, तिथेच मास्टर्स केलेला सांगलीचा एक मुलगा आमच्याकडे यायला तयार आहे. जर्मनीत आमची कंपनी नाही आणि सध्या काढायचीही नाही. एक मित्र म्हणतो फ्रीलान्सर म्हणून घ्या, दर महिन्याला इन्व्हॉइस घ्या, विषय संपला. दुसरा म्हणतो ईओआर बघा. काय करू?

उत्तर: पहिल्या मित्राचं ऐकू नका, कळकळीने सांगतोय. माणूस जिथे बसून काम करतो तिथला कायदा लागतो, आणि इन्व्हॉइस घेतलं म्हणून नोकरीचा धंदा होत नाही. हा मुलगा रोज तुमचंच काम करणार, तुम्ही सांगाल तसं करणार, दुसरा क्लायंट नसणार, तर जर्मनीत त्याला नोकरदारच धरतात. 'नावापुरता स्वतंत्र' अशा माणसासाठी त्यांच्याकडे शब्दच आहे, शाइनझेल्ब्स्टेंडिगकाइट. पेन्शन खात्याच्या तपासणीत हे निघालं की मागच्या ४ वर्षांची सामाजिक विम्याची वर्गणी मालकाकडून मागतात, मुद्दाम केलंय असं ठरलं तर ३० वर्षांपर्यंत मागे जाता येतं, आणि मुलाचा हिस्सासुद्धा बहुतेक तुमच्याच गळ्यात येतो. त्याचं नुकसान वेगळंच, कारण आजारी पडला तर मालकाकडून ६ आठवडे पूर्ण पगार मिळायचा त्याचा हक्क असतो, तो कागदावर कुठेच राहत नाही.

ईओआर म्हणजे एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड. तिथली एक कंपनी त्याला आपल्या नावावर नोकरीत घेते, पगार, टॅक्स, विमा सगळं भरते, काम मात्र तो तुमचं करतो आणि ती कंपनी तुम्हाला बिल लावते. खर्च आधी नीट मांडा. वर्षाला ६० हजार युरो पगार धरला तर त्यावर सामाजिक विम्यातला मालकाचा हिस्सा साधारण २१ टक्के, म्हणजे १२ हजार ६०० च्या आसपास, आणि ईओआरची फी महिन्याला ६०० युरो धरली तर ७ हजार २००, असे मिळून जवळजवळ ८० हजार होतात. बरेच जण वर डिपॉझिटही मागतात. त्यात बाहेरून सेवा घेतली म्हणून रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरायला लागतो, निर्यात करत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं पण पैसे काही दिवस अडकतात, तेव्हा पहिलं बिल यायच्या आधी सीएशी बोलून ठेवा.

आता खरी मेख. दुसऱ्याच्या कामावर माणूस देणं हे जर्मनीत कामगार भाड्याने देण्यात मोडतं, त्यासाठी तिथल्या रोजगार खात्याचं लायसन्स लागतं आणि एकाच ठिकाणी एक माणूस सलग १८ महिनेच देता येतो. म्हणून ईओआरवाला कितीही गोड बोलला तरी लायसन्सची कॉपी मागा आणि १८ महिन्यांनंतर काय करणार हे लेखी घ्या. त्याहून आधी त्या मुलाला विचारा, तुझं तिथे राहण्याचं परमिट कुठलं? कारण असं भाड्याने जायचं असेल तर परमिटला लागणारी रोजगार खात्याची संमती नाकारायची असं तिथल्या कायद्यातच लिहिलंय. कायमचा रहिवास मिळालेला असेल तर ही अडचण नाही. नोकरीला बांधलेलं परमिट असेल तर हातची नोकरी सोडायला लावण्याआधी त्याला वकिलाकडे पाठवा, फी तुम्ही भरा. पोराचं तिथलं राहणंच पणाला लागतं हो, आपली फक्त एक पोस्ट रिकामी राहते.

तिसरी वाटही आहे आणि तुमच्यासारख्या एकाच माणसाच्या प्रकरणात मला तीच जास्त पटते. जर्मनीत कंपनी नसली तरी बाहेरच्या मालकाला रोजगार खात्याकडून बेट्रीब्सनुमर, म्हणजे मालकाचा नंबर, घेता येतो आणि तिथल्या पेरोल ऑफिसमार्फत विम्याची वर्गणी थेट भरता येते. मग करार तुमचा, माणूस तुमचा, १८ महिन्यांचं बंधन नाही. फक्त त्याला ऑर्डरी पक्क्या करायचे, करार ठरवायचे अधिकार देऊ नका, नाहीतर तुमचा तिथे धंदाच आहे असं धरून नफ्यावर टॅक्स मागू शकतात, आणि हा धोका ईओआर घेतला तरी टळत नाही.

ईओआरच घेतलात तर कोडचे हक्क आधी ईओआरकडे जातात, ते तुमच्याकडे येतील असं करारात लिहून घ्या. आणि काढायची वेळ आली तर ईमेलवर काढता येत नाही, सही केलेला कागद हातात पडावा लागतो. मी ज्यांचं काम बघायचो त्या एका कंपनीने ईमेल पाठवून विषय संपवला होता, नंतर कागद कुरिअरने गेला आणि नोटीस पीरियड तिथून नव्याने मोजावा लागला.

प्रश्न: मी नाशिकहून एका डच कंपनीसाठी काम करणार आहे. त्यांची भारतात कंपनी नाही. ते म्हणतात ईओआर किंवा कॉन्ट्रॅक्टर, तू ठरव. कॉन्ट्रॅक्टरला हातात जास्त दिसतायत.

उत्तर: जास्त दिसतात कारण त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा काहीच गेलेलं नसतं. ईओआरकडे मालकाचा १२ टक्के पीएफ असतो, ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा असते, आणि होम लोनला पगाराच्या स्लिपा लगेच चालतात, कॉन्ट्रॅक्टरकडे बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. म्हणून आकडे महिन्याचे नको, वर्षाचे मांडा. ईओआर घेतलंत तर एकच गोष्ट ऑफर लेटरवर सही करायच्या आधी विचारा: डच कंपनीने उद्या ईओआर बदलला तर माझी आधीची सर्व्हिस धरणार का? उत्तर फोनवर नको, लेखी घ्या.