कॅशमिअर म्हणजे काश्मिरी का?

प्रश्न असा आला आहे : स्वेटरच्या पट्टीवर 'शंभर टक्के कॅशमिअर' आणि खाली 'मेड इन मंगोलिया' असं छापलंय. मग याचा काश्मीरशी संबंध काय, आणि मराठीत याला म्हणायचं काय?

शब्दाचा संबंध अगदी थेट आहे. कॅशमिअर म्हणजे काश्मीरच. एकोणिसाव्या शतकात इंग्रज त्या मुलुखाचं नाव असंच लिहीत. तिथल्या शाली युरोपात गेल्या, 'कॅशमिअर शॉल' म्हणून नावाजल्या, आणि पुढे ते नाव शालीवरून लोकरीलाच चिकटलं. आता बकरी मंगोलियातली असो की चीनमधली, तिची ती मऊ लोकर कॅशमिअरच.

गंमत म्हणजे ही लोकर मुळात काश्मीर खोऱ्यातली नव्हेच. ती येते लडाख-तिबेटच्या चांगथांग पठारावरून, सुमारे चौदा हजार फुटांवरून. तिथल्या थंडीत बकरीच्या राठ केसांखाली बारीक लव धरते. थंडी सरली की ती सुटू लागते, तेव्हा विंचरून काढतात. तिचा तंतू १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण ७० चा. कातणारे-विणणारे हात मात्र खोऱ्यातले, म्हणून नाव झालं खोऱ्याचं.

त्या कारागिरांचा शब्द आहे 'पश्म'. फारसीत पश्म म्हणजे लोकर आणि पश्मिना म्हणजे लोकरीचं. म्हणजे एका नावात गाव आहे, दुसऱ्यात वस्तू. संस्कृतनेही गावावरून नाव दिलं होतं, पण वेगळ्या मालाला : अमरकोशात केशराला 'काश्मीरजन्म' म्हटलंय. एकाच भूमीचं नाव एका भाषेत केशराला मिळालं, दुसरीत लोकरीला, हे मला फार सुंदर वाटतं.

आपल्या मराठीतही या शालींची खूण आहे. त्या जोडीने विकल्या जात. १८४६ च्या अमृतसरच्या तहात जम्मूच्या राजा गुलाबसिंगाने इंग्रजांना दरसाल द्यायचा नजराणा ठरला, तो एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. जोड्या! आपण 'शालजोडी' म्हणतो ती हीच. शाली घरातून गेल्या तरी 'शालजोडीतला' हाणायची सोय भाषेने जपून ठेवली आहे.

आता मराठी शब्द. 'काश्मिरी लोकर' लिहू नये, कारण मंगोलियाच्या स्वेटरला ते खोटं ठरेल. पट्टीवरचं नाव सांगायचं तर सरळ 'कॅशमिअर' लिहावं. हाताने कातलेल्या, विणलेल्या काश्मिरी शालीला 'पश्मिना'च म्हणावं. आणि नुसत्या लोकरीबद्दल बोलताना मी 'पश्मी लोकर' म्हणते. ऐकणाऱ्याला ती कुठली हे वेगळं सांगता येतं.