जुन्या रॉकेल हीटरची वात निवडताना

आधी हीटरमागची पट्टी पुसून मॉडेल क्रमांक वाचा. नुसत्या कंपनीच्या नावावर वात घेऊ नका; एकाच कंपनीच्या वाती वेगवेगळ्या मापांच्या असतात. पट्टी गेली असेल तर जुन्या वातीचं माप घेऊ नका, ती आकसलेली किंवा ताणलेली असते. वात ज्या नळीवर चढते तिचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. वातीची उंची, तिच्यावरच्या पिनांची संख्या आणि जागाही जुळायला हवी. जाडीत मात्र तडजोड नकोच: जाड वात अडकते, बंद करताना खाली उतरत नाही, आणि हाच खरा धोका.

बसवल्यावर टाकी भरून तासभर भिजू द्या. कोरडी पेटवली तर टोक जळतं. रॉकेल संपेपर्यंत जाळून साफ करायची पद्धत फक्त फायबरग्लासच्या वातीसाठी, सुती वातीसाठी कधीच नाही.